घर महागले की जमीन?

घरे का महागली, असे विचारले की सिमेंट, लोखंड आणि मजुरी महागली हे उत्तर सर्रास मिळते. एका शहराच्या दहा-वीस वर्षांच्या अनुभवावरून ते तपासता येत नाही. काथारीना क्नोल, मोरित्झ शुलारिक आणि थॉमस स्टेगर या अर्थशास्त्रज्ञांनी १४ देशांतील घरांच्या १८७० ते २०१२ या काळातील किमती वर्षवार मांडल्या. ‘नो प्राइस लाइक होम’ हा त्यांचा शोधनिबंध २०१७ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये प्रसिद्ध झाला. विषय अर्थशास्त्राचा असला, तरी मोजमापाचा धडा म्हणून विज्ञानशिक्षकांनी तो जरूर पाहावा, असे आम्हांला वाटते.

निबंधाचे मुख्य निष्कर्ष दोन. सर्वसाधारण भाववाढ वजा केली, तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत घरांच्या किमती सरासरीने जवळजवळ स्थिर होत्या; नंतर मात्र त्या झपाट्याने चढल्या. आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या या वाढीपैकी सुमारे ८० टक्के वाढ बांधकामाची नसून जमिनीची आहे.

आता हे मोजले कसे, ते पाहू. १८७० मधले घर आणि आजचे घर ही एकच वस्तू नव्हे. वीज, नळ, न्हाणीघर यांची भर पडली आहे. म्हणून शक्य तेथे तेच घर पुन्हा विकले गेले तेव्हाची किंमत पाहतात. ॲमस्टरडॅममधील हेरेनग्राख्त या कालव्याकाठच्या घरांचा १६२८ ते १९७३ पर्यंतचा निर्देशांक पीट आइकहोल्ट्झ यांनी असाच तयार केला. युक्ती उत्तम आहे; पण श्रीमंत व्यापाऱ्यांच्या एका कालव्याने साऱ्या नेदरलँड्सची साक्ष द्यावी, हे कितपत योग्य? जुन्या काळासाठी इतरही काही देशांची भिस्त एखाद्या मोठ्या शहरावरच आहे.

आमचा मुख्य आक्षेप ८० टक्क्यांच्या आकड्याला आहे. जमिनीच्या किमतींच्या जुन्या नोंदी फार थोड्या देशांत मिळतात. म्हणून घराच्या किमतीतून बांधकामखर्चाचा भाग काढून उरेल ती जमीन, असा हिशेब केला आहे. त्यांचे सूत्र साध्या वजाबाकीचे नाही आणि त्यात जमिनीच्या वाट्याविषयी एक गृहीतकही आहे; पण तत्त्व हेच. अशा हिशेबात चूक कशी वाढते ते पाहा. समजा, घराची किंमत १०० आणि बांधकाम ६०; म्हणजे जमीन ४०. बांधकाम चुकून १० टक्क्यांनी कमी, म्हणजे ५४ मोजले, तर जमीन ४६ ठरते. दहा टक्क्यांची चूक पंधरा टक्क्यांची झाली! प्रयोगशाळेत दोन वजनांच्या फरकावरून तिसरे वजन काढताना विद्यार्थ्यांना आपण जी सावधगिरी शिकवतो, तीच इथेही हवी.

शीर्षकातील ‘जागतिक’ हा शब्दही आम्हांला खटकतो. हे चौदा देश प्रगत आहेत. भारत, चीन, आफ्रिका, दक्षिण अमेरिका त्यांत नाहीत. अर्थात याला नाइलाजही आहे. आपल्याकडे नॅशनल हाउसिंग बँकेचा ‘रेसिडेक्स’ हा घरांच्या किमतींचा निर्देशांक २००७ साली सुरू झाला. दीडशे वर्षांची मालिका आणायची कोठून?

एवढे असूनही निबंधाची दिशा आम्हांला पटते. बांधकामखर्चाची माहिती लेखकांनी स्वतंत्रपणे गोळा केली आहे, आणि युद्धोत्तर काळात घरांच्या किमती तिला मागे टाकून इतक्या पुढे गेल्या आहेत, की केवळ मोजण्यातल्या चुकांनी ती तफावत भरून निघणे कठीण. ८० हा आकडा सैल धरावा. ‘मोठा वाटा जमिनीचा’ हे विधान पक्के धरावे.

याचा शाळेशी संबंध आहे. विज्ञान प्रदर्शनात ‘स्वस्त घर’ म्हणून राखेच्या विटा, बांबूच्या भिंती मांडल्या जातात. हे प्रयोग मोलाचेच आहेत. पण त्यांच्याशेजारी एक प्रश्न लिहून ठेवावा: भिंत निम्म्या किमतीत झाली, तर जमिनीसह घर किती स्वस्त होईल? वरच्या उदाहरणात भिंतीच काय, सगळे बांधकाम निम्म्या खर्चात झाले, तरी शंभराचे घर सत्तरलाच पडते.