ताटापुढचा मोबाईल

आजच्या विषयाची सुरुवात एका घरापासून करू. सोलापुरात पूर्व भागातलं दोन खोल्यांचं घर आहे. सकाळचे अकरा वाजलेत. आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळतेय, कारण संध्याकाळपर्यंत हजाराचा हिशेब पुरा करायचाय. शेजारी दीड वर्षाचं लेकरू बसलंय. त्याच्यासमोर पाण्याच्या तांब्याला टेकवून मोबाईल उभा केलाय आणि त्यात कार्टूनचं गाणं चालू आहे. गाण्याकडे बघत लेकरू तोंड उघडतं, तेवढ्यात आजी वरणभाताचा घास आत सारते. गाणं संपलं की तोंड बंद.

आम्ही त्या घरी गेलो होतो ते मुलांच्या खाण्याविषयी आईबापांना सल्ला देणारं एक ॲप दाखवायला. त्या ॲपनं पहिल्याच पानावर सांगितलं, की मूल जेवताना मोबाईल समोर ठेवू नका. (हशा) तुम्ही हसलात, आम्हीही हसलो. आजी मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मग ह्ये बघायचं कधी? फोन तर ह्याच्या म्होरं हाय." घरात दिवसा एकच फोन असतो, दुसरा बापाबरोबर कारखान्यावर जातो.

आजचं आमचं म्हणणं यातूनच निघतं. ॲपनं दिलेला सल्ला चुकीचा नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये हेच सांगितलंय, की एक वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नको, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराच्या वर नको. सल्ला बरोबर असूनही तो त्या घरात बसत नव्हता, आणि आमची तक्रार तेवढीच आहे.

गेले काही महिने आम्ही अशी तीन-चार ॲप आपापल्या फोनात घालून वापरली. त्यांची नावं घेत नाही, कारण भांडण एखाद्या कंपनीशी नाही. पहिलं ॲप विचारतं, बाळानं आज काय खाल्लं? आम्ही लिहिलं, ज्वारीच्या कण्या. यादीत नाहीत. हुलग्याचं माडगं? नाही. दुधात कुस्करलेली भाकरी? 'रोटी' आहे, ती गव्हाची. शेंगाची चटणी शोधली तर 'पीनट बटर' पुढे आलं. ओट्स मात्र तीन तऱ्हेचे होते, ॲव्होकॅडोही होता. ज्या जिल्ह्याच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या जिल्ह्यातल्या आईला हे ॲप सांगतं की तुझ्या घरात जे शिजतं ते अन्नाच्या यादीत नाही. ती तसं बोलून दाखवणार नाही. पण चार दिवस यादीत नसलेलं खायला घातलं, की पाचव्या दिवशी बिस्किटाचा पुडा आणावा असं तिला वाटू लागतं. बिस्किट यादीत आहे ना!

इंग्लंडमध्ये सरकारनं 2016 च्या जानेवारीत साखर दाखवणारं एक ॲप आणलं. दुकानातल्या पाकिटावरचा बारकोड फोनला दाखवला की आत किती साखर आहे ते कळायचं. तिथे ते उपयोगाचं होतं, कारण तिथल्या घरात पाकिटं फार. आपल्याकडेही कुरकुऱ्यांच्या पाकिटाला ते लावता येईल. भाकरीला बारकोड नसतो एवढं मात्र ध्यानात ठेवायचं. जे चांगलं आहे ते आपल्याकडे सुटं येतं, आणि जे वाईट आहे त्याच्यावरच छापील अक्षरं असतात.

आता सरकारी ॲपकडे येऊ. केंद्राचं 'पोषण ट्रॅकर' 2021 च्या मार्चपासून चालू आहे. अंगणवाडी सेविका त्यात बाळाचं वजन, उंची, हजेरी, आहाराचं वाटप भरतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारनं दिलेले फोन परत केले होते, ते तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. फोन कमी क्षमतेचे, सारखे बंद पडणारे, आणि ॲप इंग्रजीत, अशी त्यांची तक्रार होती. तेव्हा काही जण म्हणाले, की बायकांना तंत्रज्ञान नको असतं. आम्हाला ते पटलं नाही. ज्या बाईनं वर्षानुवर्षं अकरा-अकरा रजिस्टरं हातानं लिहिली तिला फोनचं भय नव्हतं. न समजणाऱ्या भाषेत जाब द्यायला तिचा नकार होता.

पोषण ट्रॅकरची उपयुक्तता आम्ही नाकारत नाही. कुठल्या गल्लीत किती मुलं खुरटलीत हे वर कळायलाच हवं. 2019-21 च्या पाहणीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालची 35 टक्के मुलं वयाच्या मानानं बुटकी निघाली आणि चारातलं एक उंचीच्या मानानं हडकुळं. पण माहितीची दिशा पाहा. ती घरातून अंगणवाडीत, अंगणवाडीतून दिल्लीला जाते. ज्या आईच्या लेकराचं वजन टिपलं तिच्याशी बोलायला सेविकेकडे वेळ उरला, तर उलट दिशेनं काही येणार. फोटो, केवायसी, नोंद हे सगळं उरकताना ती वेळच जाते. वजन लाल रंगात आलं म्हणून आई विचारते, "बाई, मग आता काय देऊ?" या प्रश्नासाठी ॲपमध्ये रकाना नाही.

याउलट एक गोष्ट आम्हाला आवडली. कोरोनाच्या काळात राज्याच्या एकात्मिक बालविकास सेवेनं 'तरंग सुपोषित महाराष्ट्राचा' नावाची सोय काढली. फोन लावला की मराठीत आवाज ऐकू येतो, आणि व्हॉट्सॲपवरही विचारता येतं. साधा बटणांचा फोन चालतो. हात विडीत गुंतलेले असले तरी कान मोकळे असतात! जिला वाचता येत नाही तिलाही चालतं, सासूलाही ऐकू जातं. सासूला ऐकू जाणं ही बारीक गोष्ट नाही, कारण घास बहुतेक वेळा तीच भरवते. आमची एकच कुरबुर आहे. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत चुलीपाशी तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडे कन्नड. पोराला घास भरवायची भाषा आईची असते.

बाहेर कुठे हे नीट जमलंय का? स्वीडनचं उदाहरण सांगण्यासारखं आहे. तिथे 'मिनिस्टॉप' नावाचं ॲप साडेचार वर्षांच्या 315 मुलांच्या आईबापांना देऊन पाहिलं. निष्कर्ष 2017 साली आले. मुलांच्या अंगातल्या चरबीत सांगण्याजोगा फरक नव्हता. पण त्यांनी ते गुंडाळून ठेवलं नाही. दुसऱ्या वेळी अडीच-तीन वर्षांच्या मुलांच्या 552 पालकांना घेतलं आणि ॲप नेहमीच्या बालआरोग्य केंद्रातल्या परिचारिकेच्या हातून दिलं. स्वीडिशबरोबर इंग्रजी, सोमाली आणि अरबीतही केलं, कारण तिथे आलेल्या निर्वासित आयांना स्वीडिश येत नव्हतं. सहा महिन्यांनी गोडधोड-चटकमटक खाणं दिवसाला सरासरी 7 ग्रॅमनं कमी झालं, गोड पेयं 31 ग्रॅमच्या आसपास कमी झाली, स्क्रीनसमोरची वेळ 7 मिनिटांनी घटली. वजनाच्या मापात फरक पडला नाही. पण आईबापांचा स्वतःवरचा भरवसा वाढला.

सात ग्रॅम म्हणजे किती? एक-दीड बिस्किट. जाहिरातवाले जे सांगतात त्याच्यापुढे हे फारच किरकोळ, आणि आम्हाला म्हणूनच ते विश्वासाचं वाटतं. शिवाय त्यांनी निर्वासितांची भाषा शिकवली ती ॲपला. आपण इंग्रजी शिकायला सांगितलं ते सेविकेला.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. या ॲपमध्ये बक्षिसं असतात. सात दिवस भाजी खाल्ली तर तारा, नाही खाल्ली तर रडका चेहरा. मूल खेळतंय असं वाटतं, पण तारा गोळा करणारी आई असते. लीॲन बर्च नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी मुलांच्या चवीवर आयुष्यभर काम केलं. नवी चव मुलाला आवडायला ती आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही, जबरदस्ती न करता पुढे यावी लागते. पहिले सात वेळा लेकरू तोंड वाकडं करणारच. ॲप त्या सातही वेळा रडका चेहरा दाखवणार आणि आईला वाटणार, मी हरले. तिच्या दृष्टीनं हार, प्रत्यक्षात तिची निम्मी वाट चालून झालेली असते. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर सांगतात, काय आणि केव्हा वाढायचं ते मोठ्यांनी ठरवावं, किती खायचं ते मुलानं. ॲपला 'किती' मोजता येतं म्हणून ते 'किती'च विचारत राहतं.

त्या घरात आम्ही नंतर दोनदा गेलो. ॲप आईनं काढून टाकलं होतं, फोनमध्ये जागा नव्हती. पण एक झालं होतं. अंगणवाडीच्या बाईंनी आजींना सांगितलं, की पोराला तुमच्याच ताटात हात घालू द्या, सांडलं तर सांडू द्या. आम्ही गेलो तेव्हा आजी कडक भाकरी आमटीत चुरत होत्या आणि लेकरू त्यातला एकेक तुकडा उचलून बघत होतं. अर्धे तुकडे जमिनीवर पडले होते. मोबाईल तांब्याला टेकलेला होताच, गाणंही चालू होतं. पण एकदा गाणं संपलं, तरी त्यानं तोंड मिटलं नाही. आजींच्या ते लक्षात आलं नव्हतं, आम्हीच दाखवलं. त्यांनी फोन उचलून पदराखाली ठेवला आणि म्हणाल्या, "बघू, उद्या काय करतंय."