नजर लागते, करणी केली जाते

आपल्या ग्रामीण कथांमध्ये मांत्रिक, आमिल, ताईत आणि लिंबू-मिरची यांची वर्दळ असते. मराठी लेखक या सगळ्याला ‘जादूटोणा’ म्हणून मोकळे होतात, उर्दूवाले ‘जादू’ म्हणून. पण हे शब्द एका मापाचे नाहीत. तो फरक न ओळखणारी कथा आमच्या मते अपुरी राहते.

उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवताना आम्ही असे शब्द क्रियापदासकट फळ्यावर लिहितो. लेकराला दृष्ट ‘लागते’, बाईला बाधा ‘होते’. उर्दूतही नजर ‘लगती है’. इथे कर्ता नाही. माय मीठ-मिरची ओवाळून चुलीत टाकते, आपल्याकडे कोणी दुआ पढून दम करते, आणि गोष्ट तिथेच संपते. करणी मात्र ‘केली’ जाते, मूठ ‘मारली’ जाते, सिहर ‘कराया जाता है’. भानामती दोन्हीकडची, ती घरात ‘होते’ आणि कोणीतरी ‘करते’ही. क्रियापद बदलले की कर्ता हवा होतो. मग घर आजार विसरून माणूस शोधू लागते, आणि बोट जाते ते एकट्या विधवेकडे, नाहीतर धुऱ्यावरून वैर असलेल्या भाऊबंदाकडे.

महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळाने डिसेंबर 2013 मध्ये मंजूर केला. त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली होती. अमुक व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्राने जनावराचे दूध आटवते, असा आरोप करून तिचे जगणे कठीण करणे किंवा तिला सैतान ठरवणे हा या कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. म्हणजे कायद्याने बोट दाखवणाऱ्याला धरले. आमच्या वाचनातल्या बहुतेक कथा मात्र मांत्रिकाची भोंदूगिरी उघडी पाडून थांबतात. जिच्यावर आरोप झाला ती बाई पुढे त्याच गल्लीत कशी राहिली, तिला विहिरीवर पाणी कोणी भरू दिले, हे त्या सांगत नाहीत.

शब्दांच्या सरमिसळीने माणसावरही अन्याय होतो. आमच्या मोर्शीच्याच जिल्ह्यातल्या मेळघाटात कोरकूंचा भूमका गावाची पूजा करतो आणि जडीबुटीही देतो. त्याला सरसकट ‘मांत्रिक’ लिहिले की त्याचे निम्मे काम पुसले जाते आणि उरतो तो संशय.

आपले लेखकही यात मागे नाहीत. नबींचा मोजिजा, वलींची करामत आणि साहिराचे सिहर या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठीत लिहिताना आपण तिन्हींना ‘चमत्कार’ म्हणतो. सूरह बकराच्या 102व्या आयतीत सिहरचा निषेध आहे, हे आपण आवर्जून सांगतो. पण सूरह हुजुरातच्या 12व्या आयतीने बदगुमानीपासून दूर राहायला बजावले आहे, त्याचा कथांमध्ये पत्ता नसतो. सिहर आहे असे मानणारा माणूसही पुराव्याविना शेजारणीला ‘जादूगरनी’ म्हणायला मोकळा नाही.

तेव्हा मांत्रिकावर आणखी एक कथा लिहिण्यापूर्वी आपल्या लेखकांनी त्या शेजारणीच्या दारात बसून तिचे म्हणणे ऐकावे. ती वऱ्हाडीत बोलो की दखनीत, तिची कथा वाचायला आम्ही उत्सुक आहोत.