तांबड्या राक्षसी ताऱ्यांतील लिथियम : एका निष्कर्षाचे परीक्षण

तारा तांबडा राक्षसी होऊ लागला की त्याचे बाह्य अभिसरणक्षेत्र खोल उतरते व आतले द्रव्य पृष्ठावर आणते. कार्बन-१२ व कार्बन-१३ यांचे गुणोत्तर सूर्यात सुमारे ९० आहे. प्रचलित सिद्धान्ताप्रमाणे ते अशा ताऱ्यात २० ते ३० वर येऊन थांबावे. स्वातीच्या वर्णपटात मात्र ते ७ च्या आसपास भरते. तेव्हा अभिसरण नसलेल्या थरांतही मिश्रण चालते, हे मान्य करणे प्राप्त आहे.

ते का चालते, याविषयी २००६-०७ साली एक उपपत्ती पुढे आली. हेलियम-३ च्या दोन केंद्रकांपासून तीन कण निपजतात. त्यामुळे खालच्या थराचा सरासरी रेणुभार किंचित घटतो आणि जड द्रव्य वर, हलके खाली अशी स्थिती होते. भंडाऱ्याच्या विद्यार्थ्याला मालगुजारी तलाव परिचित आहेत. उन्हाळ्यात त्यांतील पाणी वर ऊन, खाली गार, म्हणून स्थिर असते. ताऱ्यातही तापमान स्थैर्य राखू पाहते, रासायनिक घटना ते मोडू पाहते. पण उष्णता लवकर पसरते, घटना सावकाश, म्हणून बारीक प्रवाह खाली झिरपतात. उपपत्ती मोहक खरी. परंतु हे प्रवाह लांब व सडपातळ मानल्याशिवाय निरीक्षणाशी मेळ बसत नाही, आणि संगणकीय प्रयोगांत ते आखूडच निघतात. जे सिद्ध करावयाचे तेच येथे गृहीत धरले गेले आहे.

लिथियमाचा प्रश्न याहून बिकट. सुमारे २५ लक्ष अंशांवर ते नष्ट होते. मिश्रणाने ते घटावे. वाय. भरत कुमार, बी. ईश्वर रेड्डी व सहकाऱ्यांनी २०२० साली ऑस्ट्रेलियातील 'गालाह' सर्वेक्षणाच्या आधारे दाखविले, की केंद्रात हेलियम जाळणाऱ्या राक्षसी ताऱ्यांत लिथियम त्याआधीच्या शिखरावस्थेतील ताऱ्यांच्या सरासरी ४० पट आहे. यावरून सर्वच अल्पवस्तुमानी तारे हेलियमच्या स्फोटक ज्वलनाच्या वेळी लिथियम निर्माण करतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

निरीक्षण मोलाचे आहे. 'सर्वच' हा शब्द मात्र खटकतो. तुलना केलेले दोन्ही समूह समान वस्तुमानाचे आहेत काय? अधिक वस्तुमानाच्या ताऱ्याचे लिथियम तारुण्यात कमी खर्च होते. असे तारे दुसऱ्या समूहात मिसळले तर सरासरी नवनिर्मितीवाचूनही चढते. २०२२ साली शानामे प्रभृतींनी घेतलेला आक्षेप हाच, आणि आमच्या मते त्याचे पुरते निरसन झालेले नाही. अतिलिथियमयुक्त थोडे तारे मात्र या आक्षेपातून सुटतात. तेथे नवनिर्मिती मानावीच लागते. त्यासाठी बेरिलियम-७ चे लिथियम होण्यापूर्वी ते थंड थरांत पोचले पाहिजे, आणि ते वाहून नेणारे मिश्रण कोणते, हे त्या निबंधात ठरलेले नाही.