कार्यप्रणाली : कोणती आणि कशासाठी?

संगणकावर विंडोज बरी की लिनक्स, असे शिक्षक आम्हाला वारंवार विचारतात. या प्रश्नाला सर्रास दिल्या जाणाऱ्या दोन उत्तरांबद्दल आमची तक्रार आहे.

कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम, ही शाळेतल्या पर्यवेक्षकांसारखी असते. कोणता वर्ग कोठे भरेल, प्रयोगशाळा कोणाला मिळेल, हे ते ठरवतात. त्याचप्रमाणे संगणकाची स्मृती, पडदा व प्रिंटर कोणत्या प्रोग्रॅमला केव्हा मिळतील हे ती ठरवते.

पहिले उत्तर असे : सगळे वापरतात ती घ्या. यात तथ्य आहे. अडचण आली तर शेजारच्या शाळेतील सहकारी मदतीला येतो. पण ही प्रणाली किती दिवस चालेल, हे कोणी सांगत नाही. २०१५ साली आलेल्या विंडोज १० च्या नियमित मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. त्यापुढची वाढीव मुदत मर्यादितच आहे. विंडोज ११ ला विशिष्ट सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट चालणारे कित्येक जुने संगणक एकाएकी 'कालबाह्य' ठरले.

दुसरे उत्तर हौशी मंडळींचे : लिनक्स घ्या, फुकट आहे. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेली ही प्रणाली जुन्या यंत्रांवरही चांगली चालते. परंतु एखादा प्रिंटर तिला जुमानत नाही, विंडोजसाठी लिहिलेले प्रोग्रॅम तिच्यावर जसेच्या तसे चालत नाहीत, हे ही मंडळी सांगत नाहीत. पैसे वाचतात, पण वेळ खर्च होतो. केरळच्या सरकारी शाळांत लिनक्स रुजली, कारण तेथे शिक्षकांना प्रशिक्षणही मिळाले. नुसत्या फुकटपणाने ती रुजली नसती.

दोन्ही उत्तरे यंत्राबद्दल बोलतात, कामाबद्दल नाही. प्रयोगशाळेत तराजू घेताना आम्ही आधी काय तोलायचे ते ठरवतो. शिक्षकाची खरी मिळकत म्हणजे त्याच्या प्रश्नपत्रिका आणि टिपणे. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेली आमचीच टिपणे नव्या संगणकावर उघडली, तेव्हा पडद्यावर नुसती अगम्य चिन्हे दिसली. दोष कार्यप्रणालीचा नव्हता. मजकूर युनिकोडमध्ये नव्हता.

म्हणून आमच्या मते तीन प्रश्न विचारावेत. आपली रोजची कामे कोणती? सुरक्षा-दुरुस्त्या कोणत्या तारखेपर्यंत मिळतील? आणि आपल्या फाइली उद्या दुसऱ्या प्रणालीवर उघडतील का?

जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी एक प्रयोग जरूर करावा. लिनक्सच्या अनेक आवृत्त्या संगणकावर न बसवता थेट पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येतात. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना सोबत घ्या. प्रिंटर, आवाज आणि मराठी टंकलेखन तपासून नोंद करा. त्या नोंदीवरून आपल्या शाळेपुरते उत्तर मिळेल, आणि ते आमच्या सल्ल्यापेक्षा अधिक विश्वासार्ह असेल.