शिवाजी सावंत: नोकरी आणि पूर्णवेळ लेखन

शिवाजी सावंत यांनी १९८३ मध्ये लेखनासाठी स्वेच्छानिवृत्ती घेतली. तथापि 'मृत्युंजय' (१९६७) कोल्हापुरात शिक्षकी करीत असताना, तर 'छावा' (१९७९) पुण्यात 'लोकशिक्षण' मासिकाच्या संपादनकाळात प्रकाशित झाली होती. म्हणजे कीर्ती आधी, निवृत्ती नंतर. हा क्रम नवोदित लेखक सहसा विसरतात. निवृत्तीनंतर त्यांची पौराणिक कादंबरी 'युगंधर' प्रसिद्ध व्हावयास मात्र २००० साल उजाडले. कृष्णचरित्राचा विस्तृत पट पेलण्यासाठी हा अवकाश आवश्यकच होता, की तासिकांच्या वेळापत्रकातून चोरलेल्या वेळेनेच 'मृत्युंजय'ला बांधेसूदपणा दिला? अध्यापन करीत लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ चरित्रात्मक नाही. प्रस्तुत लेखकाचा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे; 'युगंधर'मधील पाल्हाळ हे त्याचे कारण.