प्रतिक्रिया, सिद्धी आणि साक्ष

भरताच्या नाट्यशास्त्रातील २७व्या अध्यायाचा मराठी समीक्षेने फारसा उपयोग करून घेतलेला नाही. रसाध्याय म्हणजेच जणू संपूर्ण नाट्यशास्त्र, अशी समजूत अध्यापनातही रूढ आहे. वास्तविक प्रयोग सिद्धीस गेला हे कशावरून ओळखावयाचे, या प्रश्नाचे उत्तर भरत तेथे प्रेक्षकाकडे पाहून देतो. स्मित, अर्धहास्य, मोठ्याने हसणे, ‘साधु’, ‘अहो’, ‘कष्टम्’ असे उद्गार. तसेच रोमांच, आसनावरून उठणे, वस्त्र वा अंगठी रंगमंचाकडे फेकणे ही मानुषी सिद्धीची वाङ्मयी व शारीरी लक्षणे होत. (तमाशातील दौलतजादा या अंगठीच्याच कुळातील मानावयास हरकत नाही.) परंतु प्रेक्षागृह भरलेले असून जेथे आवाज नाही, चलबिचल नाही, तेथील सिद्धीला भरत दैवी म्हणतो.

‘रिॲक्शन व्हिडिओ’ या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या प्रकाराचा विचार या भेदापासून सुरू करणे उपयुक्त ठरेल. एखादे गीत, चित्रपट वा त्याची झलक प्रथमच पाहणाऱ्या माणसाचा चेहरा हा येथे दर्शनाचा विषय असतो. मूळ कृती पडद्याच्या कोपऱ्यात आक्रसलेली असते. अमेरिकेतील फाइन बंधूंनी २०१० मध्ये सुरू केलेल्या ‘किड्स रिॲक्ट’ या मालिकेने या प्रकाराला स्थिर रूप दिले. २०१६ च्या आरंभी ‘रिॲक्ट’ या शब्दावर व्यापारचिन्हाचा हक्क सांगण्याचा त्यांचा प्रयत्न प्रेक्षकांच्या संतापामुळे मागे घ्यावा लागला. प्रतिक्रिया ही कोणाच्या मालकीची, हा प्रश्न तेव्हा बाजारातच उपस्थित झाला. समीक्षेने तो उचलला नाही.

कृतीच्या परिणामावरून कृतीचे मूल्य ठरवू नये, या नवसमीक्षेच्या दंडकाचा आधार घेऊन हा सारा प्रकार बाजूस सारता येईल. ते योग्य होणार नाही. यॉस ज्याला अपेक्षांचे क्षितिज म्हणतो, त्याचा एवढा मोठा दृश्य पुरावा पूर्वी कोणत्याही अभ्यासकास उपलब्ध नव्हता. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’चे (२०१६) उदाहरण घ्यावे. ‘झिंगाट’ला चित्रपटगृहात नाचून मिळालेली दाद ही मानुषी सिद्धीच होती. हेच गीत पाहून परदेशी तरुणांनी दिलेल्या प्रतिक्रियांत तो आनंद भाषेवाचून पोहोचतो. मात्र आर्ची पाटलांची आणि परश्या काळ्यांचा, या दोन आडनावांत मराठी प्रेक्षकाला जे ऐकू येते, ते उपशीर्षकांत उतरत नाही. कोठे काय पोहोचत नाही, हे अशा चित्रफिती अभावितपणे दाखवितात.

अडचण ‘सैराट’च्या अखेरीस येते. हत्येनंतर ध्वनी काढून घेतलेला आहे. मूल रडते, पण रडणे ऐकू येत नाही. रक्ताची पावले उमटत जातात. ही रचना प्रेक्षकाकडून मौन मागते. प्रतिक्रियेच्या चित्रफितीला मौन परवडत नाही. तेथे चेहऱ्याने काहीतरी करावेच लागते, आणि अश्रूंचा तो क्षण मुखचित्र म्हणून आधीच लावलेला असतो. अश्रू व रोमांच हे सात्त्विक भाव नटाने एकाग्र चित्ताने प्रकट करावयाचे. येथे ते प्रेक्षकाकडे आले असून तोच नट झाला आहे. अभिनवगुप्ताने सांगितलेल्या सात रसविघ्नांपैकी एक, स्वतःच्याच सुखदुःखाने विवश होणे, हे या प्रकाराचे भांडवलच होय.

हा दोष केवळ सौंदर्यशास्त्रीय मानून थांबता येत नाही, याचे कारण खर्डा. मंजुळे यांचा ‘फँड्री’ फेब्रुवारी २०१४ मध्ये प्रदर्शित झाला. त्याच्या शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. त्यानंतर तीन महिनेही झाले नव्हते तोच, २८ एप्रिल २०१४ रोजी, जामखेड तालुक्यातील खर्डा येथे एका १७ वर्षांच्या दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. सवर्ण मुलीशी असलेल्या कथित संबंधाच्या संशयावरून ती झाल्याचा आरोप होता. १७९५ च्या मराठे–निजाम लढाईसाठी पाठ्यपुस्तकात असलेले हे गाव तेव्हापासून वेगळ्या अर्थाने परिचित झाले. महाराष्ट्रभर निषेध झाले, लेख आले, ‘फँड्री’चे स्मरण पुनःपुन्हा केले गेले. प्रतिक्रियेची उणीव अजिबात नव्हती. न्यायालयात मात्र अनेक साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष मुक्त केले.

प्रतिक्रिया ‘मला काय झाले’ हे सांगते. साक्ष ‘तेथे काय झाले’ हे सांगते, आणि सांगणाऱ्याला त्यानंतरही त्याच गावात राहावयाचे असते. अश्रू ढाळणाऱ्या प्रेक्षकावर ‘सैराट’ नंतर काहीच मागणी करीत नाही, असे म्हणता येणार नाही. पण ती मागणी पुढच्या चित्रफितीने मिटविली जाते. दैवी सिद्धीतील मौन आणि फितूर साक्षीदाराचे मौन बाहेरून सारखेच दिसते, हेही येथे नाकारण्याचे कारण नाही. भरताच्या प्रेक्षागृहात पहिले मौन प्रयोग संपेपर्यंत टिकते. खर्ड्यातील दुसरे मौन खटला सुरू झाल्यावर आले.