रोहित्रातील तेलाची देखभाल : एका चाचणीची मर्यादा

वितरण रोहित्रातील खनिज तेल वेटोळ्यांना विद्युतरोध पुरविते व त्यांची उष्णता बाहेर नेते. या तेलाच्या देखभालीसाठी असलेले ‘आयएस १८६६’ हे भारतीय मानक भंजनदाबाबरोबरच जलांश, आम्लता व गाळ यांच्याही चाचण्या सांगते. व्यवहारात मात्र २.५ मि.मी. अंतरावरील विद्युदग्रांमध्ये घेतल्या जाणाऱ्या भंजनदाबाच्या, म्हणजेच ‘बीडीव्ही’च्या, एकाच चाचणीवर बहुधा भिस्त ठेवली जाते.

या पद्धतीची मर्यादा येथेच स्पष्ट होते. भंजनदाब प्रामुख्याने तेलातील पाणी व तरंगते कण दर्शवितो. ऑक्सिडीकरणातून निर्माण झालेली आम्ले त्यातून उघड होतीलच असे नाही. निर्वात गाळणीने तेल कोरडे होते, आकडा ३० किलोव्होल्टच्या वर जातो आणि रोहित्र निर्दोष ठरविले जाते. विरघळलेली आम्ले मात्र बव्हंशी तेलातच राहतात व वेटोळ्यांवरील कागद जीर्ण करतात. तेल बदलता येते. कागदाचे गेलेले बळ परत आणता येत नाही. ऐन रब्बीत असे रोहित्र जळाल्यास त्याची किंमत उभ्या पिकाला मोजावी लागते.

सारांश, गुलाबी पडलेले सिलिका जेल बदलणे व तेल गाळणे आवश्यक असले, तरी आम्लता चाचणीची जोड मिळाल्याखेरीज ही देखभाल अपुरीच म्हणावी लागेल.